पवनमुक्तासन की विटा-खुर्च्या? मिश्र क्षमतेच्या योगवर्गासाठी निवड करताना

गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेल्या आजी, रक्तदाबाची गोळी घेणारे निवृत्त काका, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी परतलेली तरुणी आणि दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडलेला मुलगा असे सगळे एकाच वेळी समोर येऊन बसतात, तेव्हा आसनांची यादी करण्याआधी या सर्वांना एका तासात कोणत्या रीतीने बांधून ठेवायचे, हे शिक्षकाला ठरवावे लागते. माझ्यापुढे दोन रीती होत्या. एक स्वामी सत्यानंद सरस्वतींच्या, बिहारमधील मुंगेर येथील परंपरेतली पवनमुक्तासन मालिका, म्हणजे एकेका सांध्याच्या सोप्या हालचालींपासून सुरू होणारा ठरलेला क्रम, आणि दुसरी बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विकसित केलेली, विटा, पट्टे, लोड, खुर्च्या यांचा आधार घेणारी पद्धत. सोसायटीच्या सभागृहात सकाळी साडेसहाला भरणाऱ्या, सोळा ते अठरा जणांच्या वर्गात मी पहिली रीत चार वर्षे वापरली आणि त्यानंतर दुसरीकडे वळलो. दोन्हींची तोंडओळख वाचकांना असेलच. त्यामुळे रोजच्या शिकवण्यात कोण कुठे साथ देते आणि कोण कुठे अडते, एवढेच इथे मांडतो.

पवनमुक्तासनाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या भागातील पादांगुली नमनापासून (पायाची बोटे वाकवणे) ग्रीवा संचालनापर्यंतच्या (मान फिरवणे) हालचाली सांध्यांना क्रमाने, कुठलाही धक्का न देता मोकळ्या करतात, आणि एक सतरंजी सोडली तर त्यांना काहीही लागत नाही. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या व्यक्तीला मुष्टिका बंधन (मुठी मिटणे-उघडणे) आणि मणिबंध नमन (मनगट वाकवणे) घरी, पलंगावर, अगदी गाडीतही करता येते. नव्या शिक्षकाला तर ही मालिका फारच सोयीची आहे, कारण क्रम ठरलेला असतो आणि चूक होऊन इजा होण्याची शक्यता त्या मानाने कमी असते. मात्र हे मी पहिल्या भागापुरते म्हणतो. पाय उचलण्याच्या क्रिया असलेला दुसरा भाग उच्च रक्तदाब, कंबरेची गादी सरकणे किंवा नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया असलेल्यांना देऊ नये, असे त्या परंपरेतच बजावलेले आहे. त्यामुळे मिश्र वर्गात दुसऱ्या भागाकडे जाताच निम्मा वर्ग थांबवावा लागतो.

तरीही एवढ्यावरून मी ती रीत सोडली नसती. मला ती सोडायला लावली ती मोजणीने.

प्रत्येक हालचाल दहा वेळा करायची, हा शिरस्ता. सोळा जणांना एकत्र ठेवायचे तर शिक्षकाने आकडे म्हणणे ओघाने आलेच, आणि मीही चार वर्षे ‘एक, दोन, तीन’ म्हणत राहिलो. घोट्याच्या हालचालीला, म्हणजे गुल्फ नमनाला, मागच्या ओळीतला तरुण माझ्या आकड्याच्या पुढे धावायचा आणि दहा पूर्ण होताच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचा. पुढच्या ओळीत पाय लांब करून, हात मागे टेकून बसलेल्या एक काकू तोंडाने ‘सात, आठ’ म्हणायच्या, पण त्यांचा पंजा चौथ्या आकड्याच्या आसपास कुठेतरी थबकलेला असायचा, आणि आकडा गाठण्याच्या नादात त्या घोटा पूर्ण न वळवता केवळ बोटे हलवायच्या. एकदा वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, “सर, तुमचे दहा होतात तेव्हा माझा पाय घरून निघालेलाही नसतो.” सगळे हसले, मीही हसलो, पण त्या दिवसापासून माझाच आवाज मला खटकू लागला. सौम्य म्हणून बांधलेल्या वर्गात मी रोज नकळत शर्यत लावत होतो आणि ज्यांच्यासाठी वर्ग सुरू केला होता, त्याच तीत मागे पडत होत्या.

मी उपाय करून पाहिले नाहीत, असे नाही. आकडे सावकाश म्हटले, तर तरुणांचा श्वास अडखळू लागला. “आपापल्या श्वासाने दहा करा” असे सांगून गप्प बसलो, तर काही जण अर्ध्या मिनिटात मोकळे होऊन शेजाऱ्याशी बोलू लागले आणि त्या कुजबुजीने उरलेल्यांची घाई आणखी वाढली. आठवड्याभरात आकडे परत आले. हा दोष मालिकेचा नसून मी ती गटाला शिकवत होतो त्या पद्धतीचा आहे, हे मला मान्य आहे, आणि अधिक अनुभवी शिक्षक यातून वाट काढत असतील. मला मात्र ती सापडली नाही.

साधनांच्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे मोजण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व आहे. पाय फाकवून एका बाजूला झुकण्याच्या त्रिकोणासनाचे उदाहरण घेऊ. लाकडी वीट साधारण नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड असते, म्हणजे एकाच विटेत तीन उंच्या मिळतात. तरुणाचा हात आडव्या विटेवर पोचतो, काकांना ती उभी करून द्यावी लागते, आणि काकू भिंतीला पाठ लावून खुर्चीच्या बैठकीवर हात टेकतात. कोणी आधी पोचतो, कोणी नंतर. पण पोचल्यावर सगळे त्याच आसनात असतात आणि वर्गात शांतता असते. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना डोके खाली नेण्याऐवजी भिंतीला हात टेकून अर्ध उत्तानासन, म्हणजे कंबरेतून अर्धेच वाकणे, देता येते आणि त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवावे लागत नाही. शेवटी पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून केलेल्या शवासनात तर कोणाचा गुडघा कृत्रिम आहे, हे पाहून सांगताही येत नाही. ज्या सकाळी तो मागच्या ओळीतला तरुण तिथे घोरू लागला, त्या सकाळी माझा निर्णय जवळपास झाला होता.

आता या पद्धतीच्या अडचणी, ज्या मुळीच लहान नाहीत. सामान ठेवायला कपाट लागते, आणि सोसायटीच्या सभागृहात कपाट मिळवणे हे शीर्षासनापेक्षा अवघड असते. सुरुवातीला ब्लँकेटांच्या घड्या आणि खुर्च्यांची मांडामांड यांत तासातली दहा-बारा मिनिटे जात. शिकणारेच मांडायला लागल्यावर ती पाचावर आली. दुसरी अडचण मनाची आहे. सर्वांसमोर एखाद्याला “तुम्ही खुर्ची घ्या” म्हटले की त्याचा चेहरा उतरतो, म्हणून मी पहिल्या आसनाला प्रत्येकाला खुर्ची देतो आणि नंतर ज्याला नको त्याने ती बाजूला सारावी, असे ठेवतो. तिसरी आणि खरी अडचण शिक्षकाच्या तयारीची आहे. पाठीवर झोपून कंबर उचलण्याच्या सेतुबंधात वीट माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीखाली (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाखाली) नेमकी बसवावी लागते. ती वर सरकून कंबरेच्या पोकळीत गेली तर आराम राहतो बाजूला आणि दुखणे मागे लागते. हे पाहून येत नाही, कोणाच्या तरी हाताखाली शिकावे लागते. शिवाय ‘अय्यंगार योग’ हे नाव प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकांनीच लावायचे असते. माझ्याकडे ते नाही, त्यामुळे माझ्या वर्गाच्या पाटीवर नुसते ‘सौम्य योगवर्ग’ असे लिहिलेले आहे.

खुर्चीविषयी एक सूचना अनुभवातून करतो. हातांची प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय पसरतात. घडीची लोखंडी खुर्ची, पायांना रबरी टोप्या असलेली, घ्यावी आणि तीही चटईवर, भिंतीला लावून ठेवावी. सुरुवातीला प्रत्येकी दोन विटा आणि दोघांत एक खुर्ची एवढे पुरते. खरे पाहता अय्यंगारांनीही आरंभी सुबक सामान वापरले नव्हते. 1937 साली पुण्यात शिकवायला आल्यानंतर त्यांनी हाताशी येईल ते वापरून पाहिले आणि आज दिसणारी साधने त्यातूनच पुढे घडत गेली.

ज्यांना दर आठवड्याला वेगळ्या जागी शिकवायचे आहे, ज्यांच्या वर्गात बहुतेक जण एकाच वयाचे आणि एकाच तक्रारीचे आहेत, किंवा ज्यांनी नुकतेच शिकवायला घेतले आहे, त्यांनी पवनमुक्तासनाने सुरुवात करणे मला शहाणपणाचे वाटते. पण जागा कायमची असेल, वर्गात तिशीपासून पंचाहत्तरीपर्यंतची माणसे असतील आणि एखादे वर्ष स्वतः शिकण्यात घालवण्याची तयारी असेल, तर विटा-खुर्च्यांचा खटाटोप करून पाहावा, असे मी सुचवेन.

पवनमुक्तासन मी पूर्णपणे सोडलेले नाही. बोटे आणि मनगटे मोकळी करायला त्याच्या तोडीचे मला दुसरे काही माहीत नाही, म्हणून वर्गाची पहिली सात मिनिटे सगळे खुर्चीवर बसून तेवढेच करतात. मी आकडे म्हणत नाही. पुढच्या ओळीतून मात्र अजूनही हळू आवाजात ‘सात, आठ’ ऐकू येते.