बेळगाव ते मोपा शेअर टॅक्सीने: नऊ महिन्यांनंतर

ऑक्टोबर ते जून या काळात बेळगावच्या एका शेअर टॅक्सी सेवेने मी 11 वेळा गोव्यातल्या मोपा विमानतळावर गेले किंवा तिथून परत आले. बेळगावचा सांबरा विमानतळ घरापासून जेमतेम 10 किलोमीटर, पण हव्या त्या दिवशी हव्या त्या गावाचं विमान तिथून मिळेलच असं नसतं. 5 जानेवारी 2023 ला मोपाहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून आमच्या टिळकवाडीत तिकीट बघताना मोपाचं नाव आधी निघतं. मध्ये सह्याद्री आहे आणि त्याच्या रस्त्यांची कामं काही संपत नाहीत. टॅक्सी सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एकट्या त्यांच्याबद्दल नाही.

गाडीबद्दल तक्रार नाही. अर्टिगा स्वच्छ असते, एसी चालतो, सामान नीट बांधतात. सीटला 1200 रुपये घेतात, घाटाच्या मानाने ठीक. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट आधीच मागून घ्यावी. आणि बायकांसाठी एक: जांबोटी सुटल्यावर थेट साखळी येईपर्यंत मला धड स्वच्छतागृह सापडलं नाही. जांबोटीला उतरायला लाजू नका.

आता रस्ता. पिरनवाडीहून किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला, घाट उतरून केरी, साखळी, डिचोली, म्हापसा आणि धारगळहून वर मोपा. मोकळा असेल तर तीन तास. सगळे घाटातल्या वळणांना घाबरतात, पण माझ्या खेपांमध्ये वळणांनी वेळ खाल्लाच नाही. खाल्ला तो वरच्या सपाटीवर, जांबोटी ते कणकुंबीच्या मध्ये. तिथं अर्धा रस्ता उकरलेला आणि उरलेल्या अर्ध्यावरून आळीपाळीने गाड्या सोडत होते. फोनला रेंज नाही, म्हणून शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात झाडाची एक फांदी देतात. ती पलीकडच्या माणसाला मिळाली की तिकडची बाजू सुटते. फांदी हातात धरून आमचे ड्रायव्हर निघाले तेव्हा आईला फार मौज वाटली होती.

हा भाग जांभ्या दगडाचा. जांभ्यात पाणी मुरतं, खालची माती फुगते, आणि कडेचं गटार बुजलेलं असलं की तेच पाणी डांबराच्या पोटात शिरतं. पावसात डांबर टाकता येत नाही, म्हणून सगळं काम दसऱ्यानंतर ते मे महिन्यापर्यंत उरकायचं. नेमका तोच काळ लग्नांचा, सुट्ट्यांचा आणि गोव्याच्या गर्दीचा. त्यात 2025 च्या जुलैत गोव्यात उतरणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावर, अनमोड घाटात, गोव्याच्या हद्दीत रस्ता खचला. एक घाट अवजड गाड्यांना बंद झाला की ते ट्रक दुसऱ्या घाटाचा रस्ता धरतात, आणि आधीच दुरुस्ती चाललेल्या रस्त्यावर आणखी भार येतो. आपलं विमान मोपाहून असलं तरी अनमोडची बातमी वाचायची ती यासाठी.

डिसेंबरमधली खेप मी विसरणार नाही. 10.50 चं विमान, साडेपाचला गाडी दारात. सेवेच्या ऑफिसने ‘भरपूर वेळ आहे’ म्हणून सांगितलेलं. कणकुंबीच्या अलीकडे रांग लागली. ड्रायव्हरने खाली उतरून कामगाराला कानडीत विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, ‘‘अर्ध तास री.’’ गेले पन्नास मिनिटं. पुढे घाटात एक टँकर वळणावर अडकलेला, तिथं आणखी अर्धा तास. देशांतर्गत विमानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं. मी पोचले तेव्हा 9.54 झाले होते. चार मिनिटं. काउंटरवरच्या मुलीला काय बोलणार? तिकीट गेलं, भावाच्या घरची वास्तुशांत गेली.

ऑफिसला फोन केला तर उत्तर मिळालं, रस्ता आमच्या हातात नाही. खरंच नाही. पण परतताना ड्रायव्हरमामांशी बोलताना कळलं, की या मार्गावरच्या ड्रायव्हरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि आदल्या संध्याकाळीच त्यावर आलं होतं की कणकुंबीपाशी सकाळी खोदकाम सुरू होणार. म्हणजे माहिती होती. मोबाइलमध्ये होती, माझ्या पुढच्याच सीटवर होती. फक्त मला कोणी सांगितली नाही, कारण बुकिंग घेणारा वेगळा आणि गाडी चालवणारा वेगळा. याचा राग मला अजून येतो. विमान चुकलं ते रस्त्यामुळे नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

त्यानंतर मी बुकिंग ऑफिसकडे करते, पण आदल्या रात्री आठ वाजता मामांना स्वतः फोन करते. ‘‘ताई, उद्या साडेचारला निघूया, नायतर अडकतोय बघा,’’ ते म्हणाले की साडेचार. एकदाही चुकले नाहीत.

फेब्रुवारीत लेकीला मनालीजवळच्या सोलंगला स्की शिकायला घेऊन गेले तेव्हा हेच दुसऱ्या टोकाला बघायला मिळालं. मोपाहून विमानाने चंदीगड, तिथून गाडीने मनाली. 2023 च्या जुलैत बियासच्या पुराने तो रस्ता जागोजागी तोडला होता. बर्फाच्या सुट्टीत लोक हॉटेल आणि स्कीचं भाडं बघतात, विमानतळ ते हॉटेल हा प्रवास शेवटी. पण आम्हाला न्यायला आलेल्या हिमाचली ड्रायव्हरने आदल्या दिवशीच मेसेज केला होता: मंडीच्या पुढे डोंगर कापतायत, वाटेत थांबावं लागेल, मनालीला रात्र होईल, गरम कपडे डिकीत टाकू नका, हाताशी ठेवा. आम्ही थांबलो, कंटाळलो, पण घाबरलो नाही. दुसऱ्या दिवशीचा स्कीचा क्लास त्याच्याच सांगण्यावरून सकाळऐवजी दुपारी घेतला होता. एवढा एक मेसेज बेळगावात का येऊ नये?

जूनमध्ये पाऊस धरला आणि चोर्ल्यावर धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात. त्या आठवड्यात मामांनी शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा रस्ता घेतला. आंबोलीचा रस्ता मला चोर्ल्यापेक्षा निवांत वाटला, फक्त रविवार नको. धबधब्यापाशी दुतर्फा गाड्या लावून लोक भिजत असतात, तिथं आमचा तास गेला. तिलारीचा घाट जवळचा दिसतो, पण त्याचा चढ-उतार फार तीव्र आहे. वयस्कर माणूस बरोबर असताना मी तिकडून जाणार नाही.

पाचपैकी मी तीन देते. दोन मामांचे, एक गाडीचा. आदल्या रात्री प्रवाशाला रस्त्याची खबर देण्याची पद्धत ऑफिसने सुरू केली, तर उरलेले दोन त्याच दिवशी देईन.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला मोपाहून आणायचं आहे. बुधवारचं विमान घेतलंय, दुपारी उतरणारं, म्हणजे उजेड असताना घाट चढून होईल. चोर्ला की आंबोली, ते मामा मंगळवारी रात्री सांगतील.