व्हायझरवरची वाफ: पिनलॉक, स्प्रे की नुसती फट?

पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना समोरचं दिसेनासं झालं की आपण धुक्याच्या नावाने खडे फोडतो. बऱ्याचदा ते धुकं हेल्मेटच्या आतलं असतं. ओळखायचं कसं? ग्लोव्हजने काच बाहेरून पुसा. त्यानंतरही पुढच्या एसटीचे लाल दिवे फिसकटलेले दिसत असतील तर भानगड आतली आहे.

श्वासातली उबदार दमट हवा थंड काचेला लागते आणि तिथे बारीक थेंब धरतात. मग आपण व्हायझर, म्हणजे हेल्मेटची पुढची काच, उचलून दोन बोटं आत घालतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंदांच्या पुसापुशीत तीस मीटरच्या वर रस्ता मागे पडतो, तोही एका हाताने. शिवाय चिखलाच्या बोटांनी आतल्या बाजूला ओरखडे पडतात, आणि रात्री ते ओरखडे वाफेपेक्षा जास्त छळतात.

फुकटचा उपाय म्हणजे फट. बऱ्याच फुलफेस हेल्मेटचा व्हायझर पहिल्या खाचेवर जरासा उघडा राहतो. शहरातल्या रिमझिमीत ऑफिस गाठायला एवढं पुरतं. पण ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना वारा नसतो, त्यामुळे फट असूनही वाफ हटत नाही. वेग घेतला की वाफ जाते, पण मग पाणी आत येतं आणि पापणीवर थेंब सुईसारखे टोचतात. तात्पर्य, सोसाट्याच्या पावसात हा उपाय हात टेकतो. फट ठेवायचीच असेल तर हनुवटीखालचं कापडी झाकण, म्हणजे चिन कर्टन, तेवढं काढून ठेवा. थंडीत ते फार सुखाचं असतं, पावसाळ्यात तेच वाफ कोंडून ठेवतं.

स्प्रेचं काम वेगळं आहे. तो वाफ थांबवत नाही, पाण्याला थेंब धरू देत नाही. पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरतं आणि त्यातून आरपार दिसतं. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळून, मऊ कापडाने कोरडा होईपर्यंत पुसला तरी हेच होतं. शेव्हिंग फोमवाले मित्रही वेगळं काही करत नसतात. अडचण टिकण्याची आहे. मुसळधार पावसाच्या एका लांब फेरीत थर उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. जाड लागला तर समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. आणि घरात आहेच म्हणून कारच्या काचेचं केमिकल किंवा पेट्रोल लावू नका. व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो, त्याला बारीक तडे जातात.

आता पिनलॉक. व्हायझरच्या आतल्या बाजूला दोन खुंट्यांमध्ये अडकवायची ही दुसरी पारदर्शक पट्टी. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक वळी असते. त्यामुळे दोन थरांमध्ये हवा कोंडते आणि आतला थर बाहेरच्याइतका गार पडत नाही. पट्टी स्वतःही थोडा ओलावा शोषून घेते. तिचे ३०, ७० आणि १२० असे दर्जे येतात. आकडा मोठा, तितका ती वाफेपुढे जास्त वेळ तग धरते. बसवल्यानंतर पहिल्या पावसात मी चिन व्हेंट, म्हणजे हनुवटीसमोरची हवेची खिडकी, बंद ठेवून मुद्दाम तोंडाने फूं फूं करून पाहिलं. पट्टीच्या भागात काच स्वच्छ, कडेला मात्र बोटभर पांढरी चौकट.

खरेदीत दोन ठिकाणी फसायला होतं. ‘पिनलॉक रेडी’ म्हणजे व्हायझरला खुंट्या आहेत, एवढंच. पट्टी खोक्यात असेलच असं नाही. दुकानात खोकं उघडून बघा. दुसरं, किंमत. साध्या आयएसआय हेल्मेटला जेवढे पैसे पडतात, जवळपास तेवढे नुसत्या पट्टीला जाऊ शकतात. बसवल्यावर वळी सगळीकडे टेकली नाही तर दोन थरांच्या मध्येच वाफ धरते आणि ती पुसताही येत नाही. अशा वेळी खुंट्या किंचित फिरवून ताण वाढवायचा. रात्री समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकचे दोनाचे चार दिवे दिसतात, त्याची सवय व्हायला मला आठवडा लागला. आणि पट्टी फार नाजूक असते. माझी पहिली मी टपरीवर चहा येईपर्यंत शर्टाच्या टोकाने पुसली आणि तिथेच तिची वाट लावली.

इथवर हिशोब सरळ आहे: रोजचा पंधरा-वीस मिनिटांचा शहरी प्रवास असेल तर फट आणि लिक्विडचा थेंब. महिन्यातून दोनदा भोर-महाड किंवा माळशेज होत असेल, त्यातही परतीला अंधार पडत असेल, तर पिनलॉकच घ्या, पुढच्या सर्व्हिसिंगला थोडा हात आखडता घ्या. वाफ नको म्हणून हाफफेस घेणारेही आहेत. मला ते पटत नाही. वाफेची कटकट जाते, पण हनुवटी उघडी पडते.

चष्मा असेल तर मात्र गणित फिरतं. पिनलॉक व्हायझर सांभाळतो, चष्मा नाही. स्वच्छ व्हायझरमागे पांढरा झालेला चष्मा, हा अनुभव घेऊन बघा. चष्मेवाल्यांनी आधी पैसे घालावेत ते नाकावर बसणाऱ्या ब्रेथ गार्डवर. तो श्वास खाली वळवतो, आणि बऱ्याच हेल्मेटमध्ये काढता-घालता येतो. चष्म्याला स्प्रे चालतो, पण काचेवर कोटिंग असेल तर आधी चष्म्याच्या दुकानात विचारा. धुळीसाठी नाकावरून बांधलेला रुमाल पावसात सोडा. तो श्वास थेट चष्म्यावर ढकलतो. हेल्मेट बदलायचंच असेल तर पुढचा भाग वर उचलता येणारं मॉड्युलर पाहा. सिग्नलला हनुवटी मोकळी झाली की चष्मा निवळतो, आणि पेट्रोल पंपावर चष्मा काढून कुठे ठेवू हा प्रश्नच उरत नाही. वजन जरा जास्त असतं, आणि वाऱ्याचा आवाजही.

मेव्हण्याला, जो चष्मेवाला आहे आणि दर शनिवारी महाडला जातो, मी ब्रेथ गार्ड आणि पिनलॉक दोन्ही घ्यायला लावलं. आधी गार्ड आणला, पिनलॉक दिवाळीच्या बोनसवर ढकलला. पहिल्याच शनिवारी वरंधा घाट उतरून त्याचा फोन आला: व्हायझर अजून धरतोय, चष्मा नाही.