कोरडे परतलात, तर फसलात : कायाकिंगच्या शिकवणीत नवशिक्यांना कसं गंडवलं जातं

कायाकिंगच्या वर्गात फसवला गेलेला माणूस बहुतेक वेळा खूश होऊन घरी जातो. ही फसवणूक इतकी टिकते, त्याचं कारण हेच. शांत पाण्यावर कुठलीही रुंद कायाक दहा मिनिटांत पुढे जायला लागते, वाऱ्याची झुळूक असते, फोटो छान येतात, शेवटी हातात सर्टिफिकेट पडतं. मग कधीतरी हाच माणूस स्वतःच्या भरवशावर पाण्यात जातो, नाव पालथी होते आणि उलटं लटकलेलं असताना त्याला कळतं, की आपल्याला काहीच शिकवलेलं नव्हतं. पैसे गेल्याचं दुःख नंतर. आधी श्वास लागतो.

हा प्रकार कसा चालतो, ते क्रमाने सांगतो.

जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात : 'दोन दिवसांत तयार', 'रोल शिकवण्याची हमी' आणि 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट'. पैसे आगाऊ आणि पूर्ण. ज्या शिक्षकाचं नाव पाहून लोक पैसे भरतात तो उद्घाटनापुरता येतो, नाहीतर येतच नाही. शिकवायला उभा असतो नाव ढकलणारा मदतनीस. एका मदतनिसामागे बारा-पंधरा जण. आमच्या मते नवशिक्यांसाठी एका शिक्षकामागे पाच-सहा जण हीच कमाल मर्यादा, आणि तीही बंदिस्त, शांत पाण्यात. कारण साधं आहे. दोन जण एकाच वेळी उलटले, तर एक माणूस एकालाच गाठू शकतो.

पहिला दिवस नाव उचलणं, लाइफ जॅकेट वाटणं आणि फोटो यात निघतो. पाण्यावरचा वेळ घड्याळ लावून मोजला, तर चार तासांच्या वर्गात माणशी तासभरही भरत नाही.

दुसऱ्या दिवशी येतो 'रोल', म्हणजे उलटलेली कायाक बाहेर न पडता पुन्हा सरळ करण्याचं कसब. ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांना ते जिवासाठी लागायचं. बर्फाळ पाण्यात नावेतून बाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून ते कातडी अंगरखा कॉकपिटच्या, म्हणजे नावेत बसायच्या भोकाच्या, कडेला घट्ट बांधून बसत आणि उलटले तर वल्ह्याने उठत. हे अंगात बसायला वेळ लागतो. कुणाला तलावातल्या सरावाच्या पाच खेपा, कुणाला वीस. पहिल्या दोन दिवसांत त्याची हमी देणारा माणूस खोटं बोलतो आहे, एवढं धरून चाला.

मग तो रोल 'होतो' कसा? शिक्षक कमरेच्या वर पाण्यात नावेशेजारी उभा राहतो. शिकणारा त्याच्या विरुद्ध बाजूला उलटतो आणि सांगितल्याप्रमाणे वल्हं फिरवतो. त्याच क्षणी शिक्षक नावेच्या तळावरून हात टाकून कॉकपिटची पलीकडची कड धरतो आणि नाव आपल्याकडे ओढतो. नाव उठते. खाली डोकं असलेल्याला तो हात दिसत नाही, कानात पाणी, नाकात पाणी. वर येताच टाळ्या. हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, डोकं. खऱ्या रोलमध्ये आधी कंबरेच्या झटक्याने नाव सरळ होते, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर येतं. डोकं आधी उचललं, की त्याचं वजन नावेला पुन्हा खाली खेचतं. तुमचं डोकं आधी वर आलं आणि तरीही नाव उठली, तर ती बहुधा दुसऱ्याच्या हाताने उठली. दोन, वल्ह्याचं पातं. ते पृष्ठभागालगत फिरायला हवं. खोल बुडालं असेल, तर त्याने फारसा आधार दिलेला नाही. शंका आली तर नम्रपणे सांगा, "सर, आता एकदा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे राहा." पुढे काय होतं ते बघा.

शिक्षकाने हात लावणं मुळात चूक नाही. सुरुवातीला आधार द्यावाच लागतो. पण प्रामाणिक शिक्षक आधी सांगतो की आता हात माझा आहे, आता अर्धा, आता नाही. आणि तो रोलच्या आधी कितीतरी वेळ कंबरेच्या झटक्यावर घालवतो : तलावाची कड किंवा दुसऱ्या कायाकचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, कान पाण्याला टेकेपर्यंत कलायचं, नाव अंगावर घ्यायची, आणि मग फक्त गुडघा वर खेचून ती सरळ करायची. डोकं शेवटपर्यंत हातांवर टेकलेलं. हातांवर जोर येत असेल तर जमलेलं नाही. बोटांच्या टोकांवर भागायला लागलं, की वल्हं हातात घ्यायचं.

या सगळ्यात सर्वांत गंभीर फसवणूक वेगळीच असते : वेट एक्झिट, म्हणजे उलटलेल्या कायाकमधून बाहेर पडणं, शिकवलंच जात नाही. "उलटलात तर आपोआप बाहेर पडता" असं सांगितलं जातं. वर बसायच्या उघड्या कायाकमध्ये ते खरं आहे. कॉकपिटमध्ये पाय घालून बसायच्या कायाकला, त्यातही कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कॉकपिट झाकणारं आवरण, ताणून बसवलेला असताना, ते अजिबात खरं नाही. स्कर्ट कॉकपिटच्या कडेला इतका घट्ट बसतो, की घाबरून मागे रेललेल्या माणसाच्या मांड्या उलट अडकतात.

स्कर्टच्या पुढच्या टोकाला हाताएवढा पट्टा असतो. स्कर्ट बसवताना तो आत दुमडला गेला, तर पालथ्या अवस्थेत तो सापडत नाही, आणि त्याच्याशिवाय घट्ट स्कर्ट सोडवणं महाकठीण. म्हणून प्रत्येक वेळी स्कर्ट लावल्यावर पट्ट्याला हात लावून तो बाहेर आहे हे बघायचं, आणि शिक्षकाने रांगेतल्या प्रत्येकाचा पट्टा स्वतः तपासायचा. जो शिक्षक हे करत नाही, त्याच्या नावेत बसू नका.

ते नीट कसं शिकवतात, हे माहीत असलं तर तुम्हाला लगेच फरक कळेल. पाणी छातीभर, तळ वाळूचा किंवा फरशीचा, शेजारी उभा एक माणूस. पहिल्या दोन-तीन खेपा स्कर्टशिवाय, नंतर स्कर्टसह. श्वास घ्यायचा, पुढे वाकून कपाळ डेककडे, म्हणजे नावेच्या वरच्या पृष्ठभागाकडे, न्यायचं, कारण मागे रेललं तर चेहरा तळावर आपटू शकतो. उलटल्यावर तळहातांनी नावेच्या बाजूंवर तीनदा थापा मारायच्या. त्यातून दोन गोष्टी साधतात : बाहेरच्याला कळतं, आणि तुमची घाई उतरते. मग दोन्ही हात कॉकपिटच्या कडेवरून पुढे सरकवत पट्टा शोधायचा, तो आधी पुढे आणि मग डेकपासून दूर ओढायचा, स्कर्ट निसटला का ते बोटांनी बाजूंना चाचपायचं, हात नितंबांशेजारी कडेवर टेकवायचे, पाय सरळ करायचे आणि पँट उतरवतो तशी नाव अंगावरून ढकलायची. कोलांटी घेतल्यासारखं पुढच्या बाजूने बाहेर. एक हात नावेवर, दुसऱ्यात वल्हं. शांतपणे केलं तर पाच-सात सेकंदांचं काम आहे. नाकात पाणी जाऊन माणूस बिथरतो, म्हणून नाकाने हळूहळू हवा सोडत राहायचं किंवा नाकाला चिमटा लावायचा. ज्याला पाण्याची भीती आहे त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण त्याला स्कर्टही लावू द्यायचा नाही.

बाहेर पडलात, पुढे काय? इथेही वर्ग बरेचदा गप्प असतो, कारण ते शिकवायला शिक्षकाला स्वतः भिजावं लागतं. पाण्याने भरलेली कायाक म्हणजे काय, याची कल्पना नवशिक्याला नसते. आत दोनशे लिटर पाणी शिरलं तर ते दोनशे किलो झालं. आत आडव्या भिंती नसतील, हवेच्या पिशव्याही नसतील, तर ती नाव खोल पाण्यात रिकामी करता येत नाही. वर्गातल्या नावेचं मागचं झाकण उघडून बघा. आत मोकळी पोकळी सलग पुढपर्यंत दिसली, तर ती नाव काठाजवळ खेळण्यापुरतीच आहे.

टी-रेस्क्यू, म्हणजे दुसऱ्या कायाकच्या मदतीने नाव रिकामी करून पुन्हा बसणं, किमान तीन वेळा स्वतः करून बघायला मिळालं पाहिजे, वाचवणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या अशा दोन्ही भूमिकांत. वाचवणारा उलट्या कायाकच्या पुढच्या टोकाशी काटकोनात येतो, ते टोक आपल्या डेकवर ओढून घेतो, पाणी वाहून गेलं की नाव सरळ करतो आणि शेजारी लावतो, दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मग तो दोन्ही हातांनी तिचा कॉकपिट आवळून धरतो. पाण्यातला माणूस पाय मागे झाडत आडवा होतो, मागच्या डेकवर पोटावर चढतो, पाय आत घालतो आणि वाचवणाऱ्याकडे तोंड ठेवत वळून बसतो. इथे हमखास चुकतं ते असं, की माणूस उभ्या अंगाने, हातांच्या जोरावर चढू बघतो. पाय खाली लोंबत नावेखाली जातात आणि नाव पुन्हा अंगावर येते. आधी पाय पृष्ठभागावर आणायचे, मग चढायचं.

वल्हवण्याबद्दल थोडक्यात. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात जातं, कमरेशी बाहेर येतं, आणि जोर धडाच्या वळण्यातून येतो. दोन तासांनी दंड दुखत असतील, तर धड वळवायला कुणी शिकवलेलं नाही. स्वीप (नाव वळवणं), ड्रॉ (नाव बाजूला ओढणं), लो ब्रेस (कोपर वर आणि पातं खाली ठेवून पात्याची पाठ पाण्यावर दाबून कलंडणारी नाव सावरणं) एवढं पहिल्या टप्प्यात पुरे. हाय ब्रेस, म्हणजे पात्याच्या पुढच्या बाजूने पाण्यावर आधार घेणं, कोपर खांद्याच्या वर नेऊन शिकवत असतील, तर थांबा. त्या अवस्थेत पाण्याचा फटका बसला तर खांदा निखळू शकतो. कोपर खाली आणि अंगाजवळच.

वर्ग संपताना दुसरं दुकान उघडतं. 'शिकाऊंसाठी खास सवलत' म्हणून जुनं सामान गळ्यात मारतात. साधारण प्रवासी कायाकसाठी वल्हं 210 ते 230 सेंटिमीटर, खळाळत्या नदीसाठी 190 ते 200 च्या आसपास लागतं. अरुंद नावेवाल्याला 240 चं देतात, कारण तेच शिल्लक असतं. तासाला अडीच-तीन हजार वेळा जे उचलायचं, ते आधी तासभर वापरून बघितल्याशिवाय घेऊ नका. लाइफ जॅकेटवर आतल्या बाजूला न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. 50 न्यूटन म्हणजे सुमारे 5 किलो उचलण्याची ताकद, पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असताना पुरेशी. पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यांतून वर खेचायला सांगा. ते कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलं. फोम दाबून सोडा, लगेच फुगून आला नाही तर जॅकेट म्हातारं झालं.

आता सर्टिफिकेट. त्यावर मोठा शिक्का, गोल चिन्ह, 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द असतो. देणाऱ्या संस्थेचं नाव मात्र शोधूनही सापडत नाही. अमेरिकन कनू असोसिएशन 1880 पासून आहे. ब्रिटनच्या संस्थेचं नाव 2024 पासून पॅडल यूके झालं. अशा संस्था शिक्षकांना पातळ्या ठरवून प्रमाणपत्रं देतात आणि कुठली पातळी कुठल्या पाण्यासाठी, हेही ठरलेलं असतं. शांत तळ्यावर शिकवायची परवानगी असलेला माणूस समुद्रावर वर्ग घेत असेल, तर कागद खरा असूनही तुमची फसवणूकच होते. पैसे भरण्याआधी शिक्षकाचं पूर्ण नाव, संस्था, पातळी, मुदत आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लेखी मागा, आणि संस्थेकडे थेट विचारा. खरा शिक्षक या प्रश्नांनी सुखावतो.

फोनवर आणखी तीन प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी मी किती वेळा उलटणार? एका शिक्षकामागे किती जण? वारा सुटला तर वर्ग रद्द करता का आणि पैसे परत देता का? तिसऱ्यावर जो अडखळतो, तो वारा असतानाही तुम्हाला पाण्यात ढकलेल. ताशी वीस किलोमीटरच्या वर वारा गेला, की नवशिक्यांनी काठावरच राहावं. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, आणि दोनशे मीटर आत गेल्यावर परतता येत नाही. पाणी 15 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर पडताक्षणी श्वास अनावर होतो, आणि पाणी फारच थंड असेल तर दहा-एक मिनिटांत बोटं पट्टे सोडण्यापुरतीही चालत नाहीत. कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या तापमानाला धरून घालायचे. हे ज्या वर्गात कुणी सांगत नाही, तिथे मागे फिरलेलं बरं.

आणि फसलाच असाल, तर पैशांसाठी जाहिरातीचा फोटो, पावती आणि शिकवलेल्या गोष्टींची तारीखवार यादी ताबडतोब करून ठेवा. 'हमी' हा शब्द छापलेला असेल तर तोच तुमच्या तक्रारीचा कणा. कसबासाठी दोघं-तिघं मिळून तलाव किंवा बंदिस्त उथळ पाणी गाठा. तिघांपैकी एक कायम नावेबाहेर, उभा. पहिली खेप : दहा वेट एक्झिट, पाच स्कर्टशिवाय, पाच स्कर्टसह. दुसरी : टी-रेस्क्यू, वेळ लावून, पाण्यातून परत बसेपर्यंत दोन मिनिटांच्या आत येईपर्यंत. तिसरी : दोन्ही बाजूंना लो ब्रेस, प्रत्येकी वीस, दर वेळी थोडं जास्त कलून, ज्या कलण्याला उलटता तिथे थांबून पुन्हा. दमल्यावर वेट एक्झिट करू नका. तो खेपेच्या सुरुवातीला, दम शाबूत असतानाच करायचा.