उठावाचा नकाशा: हिमालय उत्तम, मैदान नुसते हिरवे

मुलीच्या भूगोलासाठी साडेनऊशे रुपयांना भारताचा प्लास्टिकचा उठावाचा नकाशा ऑनलाइन मागवला. प्रमाण १:५०,००,००० आहे, म्हणजे नकाशावरच्या एका सेंटिमीटरात जमिनीवरचे ५० किलोमीटर मावतात. विक्रेत्याने तो पातळ पाकिटातून पाठवल्यामुळे कांचनगंगा चेपूनच घरी आली. तक्रारीला उत्तर मिळाले नाही, तेव्हा पेन्सिलीच्या बोथट टोकाने मागून दाबून ती आम्हीच वर काढली.

नकाशात उंची दहापट वाढवली आहे आणि ते योग्यच आहे, कारण एरवी कांचनगंगा पावणेदोन मिलिमीटरांच्या पुढे गेली नसती. इथे ती पावणेदोन सेंटिमीटर भरते. मात्र एवढे वाढवूनही दिल्लीची सुमारे २१५ मीटर उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहते. सिंधू आणि गंगा यांच्या खोऱ्यांमधला जलविभाजक, म्हणजे दोन्हींकडे पाणी वाटणारा उंचवटा, अंबाल्याजवळून जातो, पण तिथे बोट फिरवून काहीही लागत नाही, आणि तिथून गंगेच्या कडेने बोट सरकवत नेले तर ते थेट बंगालच्या उपसागरापर्यंत विनासायास जाते. मैदानाचा सपाटपणा इतका नेमका कोणत्याही छापील नकाशावरून कळत नाही.

हे मैदान झाले कसे, याबाबत मात्र निराशा होते. मुलीने विचारले, "बाबा, इथले डोंगर झिजून गेले का?" वास्तविक तिथे खळगा होता. भारतीय भूपट्ट आशियाला धडकून हिमालय उचलला गेला, त्याच्या भाराने पट्टाची कड खाली वाकली आणि पायथ्याशी पडलेला लांबलचक खळगा नद्या गाळाने भरत आल्या. पायथ्याजवळ या गाळाची जाडी काही किलोमीटर आहे. दक्षिणेकडे द्वीपकल्पाच्या जुन्या खडकापर्यंत ती कमी होत जाते. सोबतच्या माहितीपत्रकात या साऱ्याबद्दल "सुपीक गाळाचा प्रदेश" एवढेच शब्द आहेत. कडेला एक उभा छेद छापला असता तरी पुरे होते.

भाबरचा पट्टाही वगळला आहे. हिमालयातले ओढे ज्या गोट्यांच्या थरात गुप्त होतात आणि खाली तराईत पुन्हा वर येतात, तो हा पट्टा साधारण ८ ते १६ किलोमीटर रुंद असतो. नकाशावर त्याची दीड ते तीन मिलिमीटरांची रेघ सहज बसली असती. खादर आणि भांगर, म्हणजे नवा आणि जुना गाळ, यांतला फरक या प्रमाणात मागणे मात्र अन्यायाचे होईल.

सर्वांत खटकतो तो हिरवा रंग. तो केवळ कमी उंचीचा आहे, पण सूचीत तसे ठळकपणे लिहिलेले नसल्याने कोकणची सेंटिमीटरभर पट्टी आणि बिहारचे मैदान एकाच जातीचे वाटतात. माझे आजोळ राजापूरकडचे. तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खणताना पहारीला जांभा हा तांबडा खडक लागतो, गाळ नव्हे.

पाचपैकी साडेतीन गुण. घ्यायचाच असेल तर दुकानात जाऊन, कांचनगंगा तपासून घ्यावा.