उघड्यावरची मैफल: राजहंसगड, गोकाक की जांबोटी?

बेळगावच्या एखाद्या मंडळाला दोन-तीनशे श्रोत्यांची सांजमैफल उघड्यावर करायची असली की ही तीन नावं हटकून निघतात. फोटो पाहून ठरवलं तर गोकाक जिंकतं. आमचं मत राजहंसगडाच्या पायथ्याला आहे.

गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली कोसळते ती पावसाळ्यात. तेव्हा पाण्याच्या गर्जनेत माणसाचा आवाज बुडतो आणि स्पीकर वाढवला तरी नुसता गोंगाट वाढतो. डिसेंबरात आवाज मोकळा होतो, पण पाणी उतरतं आणि समोर उरतो उघडा कातळ. धबधबा आणि गाणं एकाच दिवशी मिळत नाहीत. त्यात कड्यांचा प्रतिध्वनी. समोरचा कडा 100 मीटरवर असेल तर ध्वनीला जाऊन यायला साधारण 0.6 सेकंद लागतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे तबल्याचा बोल परत येतो तो पुढच्या मात्रेच्या अंगावर. स्पीकर कड्याकडे पाठ करून लावले तर त्रास कमी होतो, कडाही श्रोत्यांच्या समोर राहतो, पण पाण्याचं गणित तेच राहतं. शिवाय गोकाककडची जमीन काळी. परतीच्या पावसाची एक सर आली की गाड्या रुतल्याच.

राजहंसगडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरला अडचण वेगळी आहे. नोव्हेंबरपर्यंत शिवारात भात उभं असतं, आणि कापणी झाली की त्याच ओलीवर मसूर पेरतात. त्यामुळे रान रिकामं ठेवायचा शब्द मालकाकडून सुगीआधीच घ्यावा आणि बुडणाऱ्या मसुरीचे पैसे भाड्यात धरावेत. गडावर मंच घालायचा मोह आवरा. वर जागा थोडी, सिद्धेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ आणि अडवायला काही नसलेला वारा. 20 बाय 10 फुटांच्या फ्लेक्सवर ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा शंभर किलोच्या पुढे जातो. बांबू वाकतात ते म्हणूनच. मागचा पडदा लावूच नका, गड हाच पडदा. फक्त श्रोत्यांची तोंडं थेट मावळतीकडे नकोत, नाहीतर सहा वाजेपर्यंत ऊन डोळ्यांत आणि गायक नुसता काळा आकार. मंच असा फिरवा की सूर्य एका कुशीला येईल.

पायथ्याला दव मात्र पडतं. ओलाव्यानं तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो, तर गारव्यानं तंबोऱ्याच्या तारा आखडून सूर चढतो. दोन्ही एकाच वेळी उलट दिशांना जातात, म्हणून वाद्यं अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवायची आणि मंचाला वरून ताडपत्री हवीच. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही. कोळसा-मिठाचा खड्डा आदल्या दिवशी करून पाणी घाला, नाहीतर माईकला ओठ लागताच झटका बसेल. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, निदान 50 मीटर लांब.

जांबोटीचं गणित निराळं. तिथं जंगल आहे, मलप्रभा आहे आणि बेळगावच्या दिव्यांचा उजेड पोचत नाही. पण भीमगड अभयारण्याचा शेजार आहे, गवे आणि अस्वलं आहेत. तिथं स्पीकर लावणं आम्हाला पटत नाही. पन्नास-साठ माणसं, सतरंज्या, बॅटरीचे कंदील आणि माईकशिवाय सतार किंवा बासरी, एवढ्यापुरती मात्र त्या जागेला तोड नाही. जागा मालकीची बघा. वनखात्याच्या जमिनीवर पाऊल टाकायचं तर परवानगी हवी. फोनची रेंज धरून चालू नका. प्रथमोपचाराची पेटी आणि एक मोकळी गाडी ठेवा, आणि रात्री नवाला आवरा.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर फेरा वाचतो. गाव पंचायतीला आणि तात्पुरती वीज घ्यायची तर हेस्कॉमलाही वेगळा अर्ज. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर चालत नाही, त्यामुळे भैरवी साडेनवाला सुरू झाली पाहिजे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते आणि ध्वनी वाकून खाली येतो. जे दुपारी पुढच्या गावात ऐकू जात नाही ते रात्री स्पष्ट जातं, आणि तक्रार तिथूनच येते. आवाजाची पातळी दुपारी नव्हे, आदल्या रात्री त्याच वेळेला बघून ठरवा.

गोकाकला ऑगस्टातल्या एखाद्या सकाळी वाद्यं घरी ठेवून जावं. पाणी बघावं आणि येताना करदंट ही तिथली मिठाई आणावी.