बडोद्यातील प्रौढांची टेनिस बॅच: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून मी बडोद्याच्या जुन्या पादरा रस्त्याच्या भागातील एका खाजगी कोर्टावर, प्रौढांसाठी चालणाऱ्या सकाळच्या टेनिस बॅचमध्ये शिकत आहे, आणि या शिकवणीबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. कोर्टाचे नाव मुद्दाम देत नाही. बॅच भरलेली असल्याने सरांनीच तशी विनंती केली आहे. शिवाय पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या नाव न घेता अधिक मोकळेपणाने मांडता येतील. मातीची दोन कोर्टे, पत्र्याची एक शेड, पाण्याची टाकी आणि सरांची जुनी स्कूटर एवढाच या जागेचा पसारा आहे.

माझे वय 52. कॉलेजात असताना मित्रांच्या रॅकेटने खेळलो, मग वीस वर्षे खेळ सुटला, आणि पुन्हा सुरू केला तेव्हा माझा फोरहँड म्हणजे बॅडमिंटनच्या मनगटाने मारलेला टेनिसचा फटका होता. दहातला एखादा चेंडू असा जाई की समोरचा जागेवरून हलत नसे, आणि उरलेले नऊ जाळ्यात किंवा कुंपणावर. रॅली चार फटक्यांपुढे गेली तर आम्ही एकमेकांचे अभिनंदन करत असू. पुढे कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, इतके की भरलेला तांब्या उचलताना हात थरथरे, तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि फटका मारण्याची पद्धत कोणाकडून तरी तपासून घ्या असेही सुचवले. मी गेलो तो कोपरासाठी. खेळ सुधारावा ही अपेक्षा तेव्हा नव्हती.

व्यवस्था साधी आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा ते साडेसात. दोन कोर्टांवर मिळून आठ जण. शुल्क महिन्याला 3,500 रुपये, मात्र तीन महिन्यांचे आगाऊ. चेंडू त्यांचे, रॅकेट आपली. सर आणि त्यांचा एक तरुण साहाय्यक, असे दोघे शिकवतात. सर पूर्वी क्लबात मार्कर होते, म्हणजे सभासदांना खेळायला जोडीदार नसला की त्यांच्याशी तासन्‌तास चेंडू खेळणारा माणूस. समोरच्याला नेमका हवा तसा, हवा तिथे चेंडू परत देणे हाच त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय होता, आणि त्यांच्या शिकवण्याचा सगळा गुण तिथूनच आलेला आहे असे माझे मत झाले आहे.

पहिले दहा दिवस आम्हाला बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, जाऊच दिले नाही. जाळ्यापासून सर्व्हिस लाइन 21 फुटांवर असते. त्या रेषेच्या आत उभे राहून, नारिंगी ठिपक्याचे चेंडू खालून हळू टोलवायचे, एवढाच कार्यक्रम. हे चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे निम्म्या वेगाचे असतात. त्याहून मंद लाल, आणि नेहमीच्या चेंडूच्या जवळ जाणारा हिरव्या ठिपक्याचा, अशी त्यांची उतरंड आहे. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा मंद चेंडूंनीच खेळवाव्यात असा नियम आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून लागू केला, त्यामुळे हे चेंडू मुलांचे म्हणूनच ओळखले जातात. आमच्यातले एक निवृत्त अभियंते, नातवाच्या चेंडूने खेळायला मी पैसे भरलेले नाहीत, असे स्पष्ट सांगून तिसऱ्या दिवशी निघून गेले. (फेब्रुवारीत ते परत आले, त्याबद्दल कोणीही काही बोलले नाही.)

मलाही ते अपमानास्पद वाटले होते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्यामागचा हेतू लक्षात आला. फटका बिघडतो तो बहुतेक वेळा घाईने, आणि घाई होते ती चेंडू वेगवान असतो म्हणून कमी आणि आपण उशिरा तयार होतो म्हणून जास्त. मंद चेंडू आपल्याला उशीर करायला जागा ठेवतो, आणि म्हणूनच आपला उशीर आपल्याला दिसू लागतो. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागण्याच्या क्षणी एक लहानशी उडी घेऊन दोन्ही पायांवर हलके उतरायचे, चेंडू कोणत्या बाजूला येतो हे कळताच हाताच्या आधी खांदे वळवायचे, आणि चेंडू टप्पा घेईपर्यंत रॅकेट मागे जाऊन स्थिर झालेली असली पाहिजे, हा क्रम ते आम्हाला चेंडूशिवाय आणि चेंडूसह इतक्या वेळा करायला लावत की घरी जिना चढतानाही माझे खांदे वळू लागले. आपण टप्पा पडल्यावर रॅकेट मागे नेतो, मग चेंडू अंगावर येतो, मग मनगटाने तो कसाबसा ढकलतो. आणि ज्याला आपण जोरदार फटका म्हणतो तो पुष्कळदा ही उशिराची भरपाई असते. हे मला तीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

या संदर्भात सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. चेंडू रॅकेटच्या तारांवर टिकतो तो जेमतेम चार-पाच सहस्रांश सेकंद. एवढ्या वेळात मेंदूला काही कळतही नाही, मग सुधारणा करणे तर दूरच. म्हणजे चेंडू लागताना मनगट वळवून दिशा देतो किंवा फिरकी देतो असे आपल्याला वाटते तेव्हा प्रत्यक्षात आपण चेंडू निघून गेल्यावर मनगट वळवत असतो, आणि त्याचा उपयोग फक्त कोपराला त्रास देण्यापुरता होतो. चेंडू कुठे जाणार हे रॅकेटचा मार्ग आणि तिच्या तोंडाचा कोन यांनी आधीच ठरलेले असते. खालून वर जाणारा मार्ग, शरीराच्या थोडी पुढे होणारी भेट आणि फटक्यानंतर विरुद्ध खांद्यापर्यंत अडथळ्याशिवाय पोचणारा हात, एवढे तीनच मुद्दे त्यांनी नऊ महिने धरून ठेवले. नवे काही सांगितले नाही, याचेच मला आता कौतुक वाटते.

सर्वांत अनपेक्षित साधन मात्र मुद्गलाची, म्हणजे व्यायामासाठी फिरवायच्या जड लाकडी दांड्यांची, जोडी. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथल्या प्रा. माणिकरावांचे नाव वेगळे सांगायला नको. आमच्या वडिलांच्या पिढीत पोराला आखाड्यात पाठवणे हा शाळेत घालण्याइतकाच गृहीत धरलेला भाग होता. सरांनी शेडमधून लाकडी मुद्गल बाहेर काढले तेव्हा मला हसू आले, पण त्यांनी ते फिरवायला दिले आणि दोन मिनिटांत हसू थांबले. मुद्गल मनगटाने फिरवताच येत नाही. तो मागे झुलू द्यावा लागतो, त्याचे वजन खाली येताना कंबर वळवावी लागते आणि वर जाताना हात फक्त सोबत असावा लागतो. मध्येच घाई केली की तो खांदा ओढतो, आणि घट्ट धरला की पंजा दुखतो. मग लगेच रॅकेट हातात देऊन ते म्हणाले, "आता हाच मुद्गल समजा, काका." त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या रॅकेटचा आवाज बदलला. आधीच्या चट्‌ अशा कोरड्या आवाजाऐवजी काहीतरी भरीव, ठसठशीत ऐकू आले आणि चेंडू, मी काहीही जोर लावलेला नसताना, बेसलाइनजवळ जाऊन पडला.

सरांच्या तोंडी मराठी आणि गुजराती एकमेकांत मिसळलेली असते, आणि त्यांचा आवडता शब्द गुजराती आहे: "शांतिथी," म्हणजे शांतपणे. ग्रिप घट्ट झाली, "काका, शांतिथी." खांदे कानापर्यंत चढले, "शांतिथी." महिनाभराने मला माझ्या मुठीचा घट्टपणा त्यांच्या आधी जाणवू लागला. दहापैकी चार इतकाच जोर मुठीत ठेवायचा असे त्यांचे मोजमाप आहे. ते कसे मोजायचे हे विचारले तर हसतात.

जानेवारीपासून पिवळा चेंडू आला आणि खेळ बेसलाइनवर गेला. इथे मोजणीचा सराव सुरू झाला: जोडीदाराशी तिरप्या रेषेत, म्हणजे क्रॉसकोर्ट, सलग वीस फटके, एक चुकला की पुन्हा एकपासून. तिरपेच का, याचा हिशेब त्यांनी खडूने भिंतीवर मांडला होता. जाळे मध्यभागी 3 फूट उंच असते आणि खांबांपाशी साडेतीन फूट. एकेरीच्या कोर्टाची सरळ लांबी 78 फूट, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण साडेब्याऐंशी फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे तिरपा चेंडू जाळ्याच्या सखल भागावरून जातो आणि त्याला पडायला साडेचार फूट जागा जास्त मिळते. रेषेलगत सरळ मारण्याचा माझा जुना हव्यास या एका आकृतीने कमी केला. चेंडू जाळ्यावरून निदान हातभर उंच गेला पाहिजे अशीही अट होती, कारण जाळे घासून जाणारा फटका दिसायला सुंदर असला तरी तो टिकणारा नसतो. वीसचा आकडा आम्ही गाठला तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्या दिवशी चौघांनी मिळून सेवउसळ खाल्ली. सकाळी आठला खाल्लेल्या त्या तिखट तर्रीने व्यायामाचा काय उपयोग झाला हे विचारू नये.

शेडमध्ये बसणारे एक वृद्ध सभासद असा हळुवार खेळ पाहिला की रामनाथन कृष्णन यांचा विषय काढतात. 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेल्या या खेळाडूची ख्याती ताकदीची नव्हती, चेंडूवरच्या नाजूक हाताची होती, आणि त्यांचे पुत्र रमेश यांनीही त्याच शैलीवर 1986 मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. पन्नाशीतल्या आमच्यासारख्यांनी त्यांच्याशी नाते सांगणे हा अतिरेकच. पण जोर न लावता खेळणे म्हणजे कमी प्रतीचे खेळणे नव्हे, एवढा आधार त्या गप्पांतून मिळतो.

रॅकेटबद्दल सर स्वतःहून काही विकत नाहीत, ही जमेची बाजू. माझ्या रॅकेटवर दुकानदाराने पॉलिएस्टरच्या कडक तारा 58 पौंडांवर ओढून दिल्या होत्या. त्या काढून मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांच्या, तारा 50 पौंडांवर घालून घ्या, असे सरांनी सांगितले आणि कोपराला दोन आठवड्यांत फरक पडला.

आता तक्रारी. सर्व्हिसकडे या बॅचमध्ये अक्षम्य दुर्लक्ष होते. नऊ महिन्यांत मोजून पाच तास मिळाले असतील, आणि खेळाची सुरुवातच ज्या फटक्याने होते तो अजूनही मी देवाच्या भरवशावर मारतो. साहाय्यक तरुण मनमिळाऊ आहे, पण सर रजेवर असले की त्याच्या ओरडण्यात "शांतिथी"ची जागा "पॉवर, पॉवर" घेते आणि आठवड्याची कमाई एका सकाळी जाते. चेंडू टक्कल पडेपर्यंत वापरले जातात. नियमाप्रमाणे 100 इंचांवरून सोडलेला चेंडू 53 ते 58 इंच उसळला पाहिजे. इथले अर्धे चेंडू गुडघ्याच्या वर येत नाहीत, आणि अशा चेंडूवर घोटवलेली वेळ नव्या चेंडूपुढे फसते. याहून महत्त्वाचा दोष असा की हाताने टाकलेल्या, ठरलेल्या जागी येणाऱ्या चेंडूवर आमचे फटके रेशमासारखे झाले आहेत, परंतु गुण मोजून खेळायला लागलो की पाय थांबतात आणि जुने मनगट जागे होते. सरावातून सामन्यात जाण्याची पायरी या शिकवणीत जवळजवळ नाहीच. मी हे दोनदा बोललो. तेव्हापासून शुक्रवारची शेवटची पंधरा मिनिटे गुण मोजून खेळ होतो, पण ते अपुरे आहे.

पावसाचा प्रश्न वेगळाच. मातीची कोर्टे असल्याने जूनच्या अखेरीपासून आठवड्यातले दोन तास तरी बुडतात, आणि आगाऊ भरलेल्या शुल्कातून त्यांची वजावट होत नाही. बदली तास देऊ असे तोंडी सांगितले जाते; मला आजवर दोन मिळाले. नव्याने जाणाऱ्याने एप्रिल ते जूनचा हप्ता भरण्यापूर्वी, आणि पुन्हा जुलैचा भरण्यापूर्वी, याबद्दल लेखी काहीतरी घ्यावे.

एवढे असूनही मी पुढची तिमाही भरली आहे. ज्यांना स्पर्धा खेळायच्या आहेत, ज्यांचे वय पंचविशीच्या आत आहे किंवा ज्यांना सर्व्हिस सुधारायची आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही. आपल्यासारख्याच एखाद्या जोडीदाराबरोबर अर्धा तास न थांबता, न दुखता चेंडू इकडून तिकडे खेळवावा एवढीच ज्यांची इच्छा आहे आणि त्यासाठी दहा दिवस मुलांच्या चेंडूने खेळण्याची तयारी आहे, त्यांनी अवश्य जावे. मात्र जागा साधारणपणे नवरात्रानंतरच रिकाम्या होतात, कारण त्या नऊ दिवसांत रात्री गरब्याला गेलेली मंडळी सकाळी साडेसहाला उगवत नाहीत आणि त्यातली दोघे-तिघे नंतरही परत येत नाहीत. माझ्या कोपराचे म्हणाल, तर तांब्या आता भरून उचलतो. काल पावसाने तास बुडाला म्हणून गॅलरीत मुद्गल फिरवत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन, जमिनीवर काय आपटता आहात, असे विचारले. आपटले काहीच नव्हते. फिरवताना माझ्या पायांची ती लहानशी उडी आपोआप होत होती.