गरम पाण्यावर चालणारा पंख्याचा रूम हीटर: धुळ्यातील वापरानंतरचा अभिप्राय

भिंतीवर बसवायचा, गरम पाण्यावर चालणारा आणि आत पंखा असलेला रूम हीटर आमच्या धुळ्याच्या घरी हिवाळ्यात वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यंत्र चांगले आहे, परंतु आपल्याकडचे पाणी आणि आपल्याकडची हवा यांचा विचार न करता ते कोणी विकत घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की येथील पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि सातपुड्यातल्या तोरणमाळ-डाब परिसरात तर दव गोठल्याच्या बातम्या येतात. तेव्हा गरज खरी आहे.

या हीटरमध्ये तापणारी तार नसते. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेली कॉइल असते. पंप त्या नळीतून गरम पाणी फिरवतो आणि पंखा खोलीतली हवा खालून ओढून कॉइलवरून पुढे सोडतो. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरून १० अंशांनी थंड होऊन परत जात असेल, तर खोलीला सुमारे २ किलोवॉट उष्णता मिळते, म्हणजे विजेच्या मोठ्या हीटरइतकी. फरक असा की विजेचा हीटर घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही, तर येथे पंखा आणि पंप मिळून छताच्या दोन पंख्यांहून फारशी जास्त वीज घेत नाहीत. आमच्याकडे हीट पंपाने (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राने) तापवलेले पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठते, त्यामुळे रात्री वीज गेली तरी टाकीत उष्णता असेपर्यंत खोली उबदार राहते. माझ्या दृष्टीने या यंत्राचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

गच्चीवर सोलर आहेच, मग त्याचेच पाणी का फिरवू नये, असे बहुतेक जण विचारतात. २०० लिटर पाणी ६० अंशांवरून ४५ अंशांवर आले तर त्यातून साधारण साडेतीन युनिट उष्णता निघते, आणि २ किलोवॉटने ती पावणेदोन तासांत संपते. पुढे सकाळी आप्पांच्या अंघोळीला कोमट पाणी उरते, ते वेगळेच. शिवाय बोअरचे क्षारयुक्त पाणी थेट कॉइलमध्ये सोडले तर बंबाच्या आत धरतो तसाच पांढरा थर त्या बारीक नळीत धरतो. म्हणून हीटरचे पाणी बंद चक्रातच, म्हणजे तेच ते पाणी पुन्हा पुन्हा, फिरले पाहिजे, त्यात गंजरोधक द्रावण घातलेले असले पाहिजे आणि नवे पाणी शक्य तितके कमी भरले पाहिजे, कारण प्रत्येक भरणीबरोबर क्षार आणि प्राणवायू आत येतात. चक्रातला दाब वारंवार उतरत असेल तर पाणी भरत बसण्याऐवजी गळती शोधावी.

खोक्यावर छापलेला उष्णतेचा आकडा बहुधा ७०-८० अंशांच्या पाण्यासाठी असतो. हीट पंपाचे पाणी ५० अंशांच्या आसपास असते आणि त्यावर त्याच यंत्राकडून जेमतेम निम्मी उष्णता मिळते. त्यामुळे घेताना एक माप मोठे घ्यावे, आणि कमी तापमानाच्या पाण्यावर पंखा सुरू होतो का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. पाणी पुरेसे तापेपर्यंत पंखा रोखून धरणारा एक छोटा थर्मोस्टॅट आत असतो; बटण दाबूनही सुरुवातीला पंखा फिरत नाही तो त्याच्यामुळे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी यंत्र नादुरुस्त ठरवले, ते याच वेळात. वेग दोन आहेत: जलद वेगाने खोली लवकर तापते, पण आवाज होतो, झोपताना मंद वेगच बरा. समोर पडदा किंवा पलंग आला की गरम हवा तिथेच अडते.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते खालच्या जाळीकडे. आपल्याकडे थंडी आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी येतात. जिनिंगच्या बाजूने किंवा कापूस भरलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर घर असेल तर हवेतले बारीक तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून जाळीवर अक्षरशः गोधडी तयार होते. माहितीपत्रकात जाळी हंगामातून एक-दोनदा साफ करावी असे लिहिले आहे. खानदेशात ते पुरेसे नाही, आम्ही दर पंधरवड्याला करतो. मुख्य स्विच बंद करून जाळी बाहेर सरकवावी, कोमट पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. कॉइलच्या पट्ट्यांवरची धूळ मऊ ब्रशने, पट्ट्यांच्या दिशेनेच काढावी; त्यांच्या कडा बोट कापतात आणि दाबल्या तर वाकतात. पंख्याच्या मोटारीला तेल घालण्याचा मोह आवरावा, कारण तिचे बेअरिंग सीलबंद असते.

खळखळ आवाज येऊ लागला किंवा वरची नळी गरम असूनही हवा गार येऊ लागली, तर कॉइलने हवा धरली आहे असे समजावे. पंप बंद करून, खाली फडके धरून, वरचा छोटा स्क्रू किंचित सैल करावा; फुसकारा थांबून पाण्याची धार लागली की आवळून टाकावा. त्यानंतर मापकावरचा दाब १ ते १.५ बारच्या दरम्यान आहे का, ते पाहावे.

तक्रार आहे ती सेवेबद्दल. थर्मोस्टॅटचा सुटा भाग धुळ्यात किंवा जळगावात तयार मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला, आणि ऐन थंडीत हीटर बंद राहिला. मोटार आणि थर्मोस्टॅट कोठून व किती दिवसांत मिळतील, याचे उत्तर खरेदीपूर्वीच घेतलेले चांगले. नळकाम, पंप आणि टाकी धरून येणारा खर्च केवळ एका खोलीसाठी आणि दोन महिन्यांच्या थंडीसाठी मला परवडणारा वाटत नाही. घरात गरम पाण्याची टाकी आधीपासून असेल आणि दोन-तीन खोल्या जोडायच्या असतील, तर मात्र तो करण्याजोगा आहे.

उन्हाळ्यात यातून थंड पाणी फिरवून खोली गार करण्याची कल्पना सोडून द्यावी. कॉइलवर बाष्प साचून पाणी टपकते आणि ते झेलायला या यंत्रात ट्रे नसतो. नुसता पंखा चालवण्याची सोय आहे, पण मे महिन्यात तो खोलीतली तापलेली हवाच फिरवतो. हंगाम संपला की जाळी धुऊन बसवावी, तोंडावर कापड बांधावे, चक्रातले पाणी काढू नये आणि महिन्यातून एकदा पंप काही मिनिटे चालवावा, म्हणजे नोव्हेंबरात तो अडकून बसत नाही.